उभी लाइन

चिठ्ठी इमारतीच्या दाराच्या काचेवर होती, आतल्या बाजूने, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून पक्की बसवलेली. मंगळवारी सकाळी दूध घेऊन परत आलो तेव्हा दिसली. ‘दुसऱ्या मजल्यावरचं कोणीतरी तीन दिवस आमच्या छतातून पाणी गळू देत आहे. या घरात इतरही माणसं राहतात. कृपया विचार करावा.’ अक्षरं शाळेच्या फळ्यावरच्यासारखी सुटी सुटी, म्हणजे हात कोणाचा ते कळू नये. खाली नाव नाही. कोणीतरी! दुसऱ्या मजल्यावर घरं दोन. समोरचं जोडपं नाताळापासून स्पेनमध्ये उन्हात पाय पसरून बसलंय. राहिलं कोण? मी. सबंध जिन्याला ठाऊक होतं की कोणीतरी म्हणजे फोल्के, आणि माझ्या खाली पहिल्या मजल्यावर सीव आणि आर्विड राहतात हे मलाही ठाऊक होतं. म्हणजे लिहिणारी सीव. लपवालपवी करून कोणापासून काय लपलं? त्या सभ्यपणाचीच मला जास्त चीड आली. बाहेर उणे एकोणीस, आणि माझे कान पेटलेले. तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत सोळा पायऱ्या आहेत. चढायच्या, बटण दाबायचं, म्हणायचं, ‘अरे फोल्के, तुझं पाणी आमच्याकडे येतंय.’ मी पाना घेऊन लगेच उठलो असतो. पण नाही. सोळा पायऱ्या वर चढायच्या सोडून बाई खाली उतरली आणि गारठ्यात उभी राहून चिकटपट्टीचे तुकडे तोडत बसली. माझी घंटा बिघडलीय म्हणावं तर तसंही नाही. मी दर रविवारी दार उघडून स्वतःच ती दाबून बघतो. चांगली वाजते.

वर येऊन बेडरूमचं दार उघडलं. ते मी फारसं उघडत नाही. माझ्या बायकोला, इल्वाला, जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतो. पाय दुमडावे लागतात, पण झोप लागते. पलंगावर तिने शेवटची घातलेली चादर अजून तशीच आहे, आणि कोणी विचारलं असतं तर मी त्याचं काहीतरी शहाणं कारणही सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. खिडकीखाली खोली उबदार ठेवणारा बिडाचा रेडिएटर, इमारतीएवढाच जुना, अडतीस सालचा. त्याच्या खालच्या नटाशी एक थेंब लोंबत होता. सरळ पडत नव्हता. जाड होत होता, मग पाइपावरून घरंगळत जमिनीतल्या भोकात शिरत होता, जिथून गरम पाण्याची उभी लाइन खालच्यांच्या खोलीत उतरते. माझ्या फळ्यांवर ओलाव्याचा डागसुद्धा नाही, सगळं त्यांच्याकडे. मी गुडघ्यांवर बसलो आणि बोट लावून बघितलं. काळं पाणी, त्याला जुन्या लोखंडाचा वास. एक्केचाळीस वर्षं मी या वासात काढली. इथलं हॉस्पिटल, तीन शाळा, बंदरावरची गोदामं. सबंध सुंड्सवाल गावात फोल्केने जोडलेला सांधा गळतोय असं कोणी दाखवावं, मिशी उतरवून देईन, असं मी कामावर छाती काढून म्हणायचो, आणि लोक हसले तरी उलट बोलायचे नाहीत. इल्वा घरी म्हणायची, ‘तुझे पाइप गळत नाहीत आणि तूही गळत नाहीस, दोघांना एकाच कारखान्यात ओतलंय.’ निवृत्त झाल्यावर माणसाजवळ काय उरतं? बायको गेल्यावर काय उरतं? एवढंच नाव उरलं होतं, आणि त्याच्यावर आता थेंब. पण सांधा माझा नव्हेच. दोन हजार नऊ साली सोसायटीने एका कंपनीकडून सगळ्या लायनींवर काम करवून घेतलं होतं. कानात गाणी घालून फिरणारी पोरं आली होती, मी तेव्हा दिवसभर कामावर असायचो. केलं त्यांनी आणि नाव जातंय माझं, हा हिशेब मी तिथेच, गुडघ्यांवर बसल्या बसल्या मिटवून टाकला.

सोसायटीचा चेअरमन येस्पर, वय चौतीस, धंदा कशाचातरी सल्लागार. त्याला फोन लावला. आमच्याकडे स्वीडनमध्ये सगळे सगळ्यांना अरेतुरे करतात, त्याचं मला काही नाही, पण हा माझ्याशी नेहमी असा बोलतो की जणू मी एखादं हरवलेलं मांजर आहे.

‘फोल्के! कसा आहेस तू? अ‍ॅपवर टाकलंस का?’

‘काय टाकू? पाणी?’

‘तक्रार रे. अ‍ॅपवर आली की कंपनीला आपोआप जाते. कामाचे दहा दिवस धर.’

‘दहा दिवसांत खालच्यांचं छत त्यांच्या ताटात येईल. मी गुरुवारी सकाळी करतो. तळघरातून उभी लाइन बंद करायची, रिकामी करायची, तीन तासांचं काम.’

‘नको, नको, नको. रेडिएटर सोसायटीचा असतो. सभासदाने हात लावायचा नाही. काही झालं तर विमावाले...’

‘येस्पर, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून या गावातले पाइप मी जोडतोय.’

‘हो ना, म्हणूनच,’ तो म्हणाला आणि गोड हसला.

त्या ‘म्हणूनच’वर मी फोन ठेवला. आणि मग मीही तेच केलं जे या इमारतीत सगळे करतात. कागद घेतला, जाड पेन घेतलं. ‘गुरुवारी सकाळी नऊ ते बारा उजवीकडच्या बेडरूमच्या लायनीचं पाणी बंद राहील. ज्याचं पाणी गळतंय तोच दुरुस्त करणार आहे. फोल्के, दुसरा मजला.’ नाव ठळक काढलं. दोनदा गिरवलं. बघा, नाव असं लिहायचं असतं. सीवच्या चिठ्ठीच्या शेजारीच, तिच्यापेक्षा बोटभर वर लावून आलो. लावताना मला इल्वाच्या वेळचं कार्ड आठवत होतं. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी दारातल्या पत्रांच्या फटीतून एक पांढरं कार्ड आत पडलं, त्यावर सगळ्या जिन्याच्या सह्या. मी दाराच्या आतच उभा होतो. कार्ड पडताना पाहिलं, बाहेरच्या बुटांचा आवाज ऐकला, एक श्वास ऐकला, आणि बूट निघून गेले. मी दार उघडलं असतं तर? पण मी का उघडायचं? माणूस ज्याच्या घरचं गेलंय त्याने दार उघडून ओशाळं व्हायचं, की आलेल्याने दोन शब्द बोलायचे? दोन वर्षं मी हे भांडण एकट्याने करतोय आणि दोन वर्षं मीच जिंकतोय.

बुधवारी दुपारी जिन्यात बरीच गडबड झाली. काहीतरी जड वर चढवत होते, पुरुषांचे धापा टाकल्याचे आवाज, ‘जरा माझ्या बाजूला,’ ‘सावकाश.’ मी कोट चढवून बाहेर पडायच्या बेतात होतो. दाराच्या भिंगाला डोळा लावला. माझ्या मजल्यावर कोणी नव्हतं, पण खाली होते, म्हणून थांबलो. आम्ही असेच थांबतो. जिना मोकळा झाल्यावर उतरायचं, म्हणजे त्यांनाही बोलावं लागत नाही आणि आपल्यालाही. सोफा असेल म्हटलं. आवाज बंद झाल्यावर पाच मिनिटं आणखी थांबून खाली गेलो, तर माझ्या कागदावर घडी केलेला कागद चिकटवलेला, वर माझं नाव, तेच सुटं सुटं अक्षर. डोक्यात तिडीक गेली. एवढं नाव लिहून, वेळ लिहून, कबूल करूनसुद्धा बाईचं समाधान नाही! आता काय, अक्षर चुकलं माझं? की बारा म्हणजे बाराच, एक मिनिट उशीर नको? घडी उघडलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या चार तुकडे केले, अंगणातल्या रद्दीच्या पेटीत टाकले, आणि पेटीचं झाकण असं आपटलं की त्यावरचा बर्फ माझ्याच बुटांवर आला. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या महिन्यातला तो सगळ्यात चांगला क्षण होता.

गुरुवारी बरोबर नऊला तळघरात लाइन बंद केली, खालचा कॉक उघडून पाणी गटारात सोडलं. रेडिएटरचे स्वतःचे कॉक रंगाचे थर बसून कधीचेच मुके झालेले, नाहीतर सबंध लाइन रिकामी करायची गरज नव्हती. वर आलो, खाली घमेलं ठेवलं, फडकी अंथरली, दोन पाने लावले. नट हलेना. तेल सोडलं, थांबलो, पुन्हा जोर लावला. पूर्वी हे मनगट एका झटक्यात काम करायचं. आता खांद्यातून कळ येते आणि डोळ्यांपुढे माशा नाचतात. खोली हळूहळू गार पडत चालली. इल्वाच्या पलंगाकडे पाठ करून मी पान्यावर ओणवा झालो होतो आणि सगळ्यांना शिव्या घालत होतो, येस्परला, कंपनीच्या पोरांना, सीवला, त्या आर्विडला, जो चाळीस वर्षं जिन्यात भेटला की मान हलवून ‘थंडी आहे’ एवढंच म्हणत आला. दहा वाजले, अकरा वाजले. शेवटी करवतीने नट चिरला. पावणेबाराला तो दोन फाकांत हातात आला, आणि आट्यांवर जे दिसलं ते बघून माझा हात तिथेच थांबला. सांधा गळू नये म्हणून कंपनीची पोरं आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतात. इथे ताग होता. बारीक पिंजलेला, सफेद्याच्या लेपात भिजवलेला, आट्यांच्या चालीने एकसारखा बसवलेला ताग, चाळीस वर्षांनीही आतून पिवळा आणि कोरडा. असा ताग या गावात एकच माणूस बसवायचा. तागाची काही चूक नव्हती. गळत होतं नटातून, कारण पितळेला केसाएवढी उभी चीर होती, आणि पितळेला अशी चीर एकाच कारणाने पडते. कोणीतरी तो गरजेपेक्षा दीड-दोन फेरे जास्त आवळलेला असतो. त्याच दिवशी तो फुटत नाही. ताण धरून बसतो, वर्षानुवर्षं.

कोणीतरी. पुन्हा तोच शब्द, आणि आता तो मीच वापरत होतो. चौऱ्याऐंशी सालचा शरद ऋतू. आम्हाला मूल होणार होतं, आणि मग चौथ्या महिन्यात होणार नव्हतं. इल्वा हॉस्पिटलमधून आली, आठ दिवस काही बोलली नाही, आणि नवव्या दिवशी खाली सीवकडे जाऊन दोन तास बसली. सीव तेव्हा या घरात नवीन होती. मला ते संध्याकाळी कळलं. मी याच खोलीत, याच सांध्यावर काम करत होतो. इल्वा दारात उभी राहून म्हणाली, ‘तिला सांगितलं. सांगून बरं वाटलं.’ एवढंच. आणि मी पेटलो. आपल्या घरातलं तू खाली नेऊन ओतलंस? आता जिन्यात सगळे माझ्याकडे कसे बघतील? तुला तोंड आवरत नाही म्हणून हे झालं, असंही काहीतरी म्हणालो. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध होता ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. पाना हातातच होता. एकेका वाक्याला एकेक ओढ. इल्वा उभी होती तशी उभी राहिली, मग दार लावून गेली, आणि नंतर ती खाली कधी गेली नाही. मी ते माझ्या बोलण्याचं वजन समजलो होतो. पुढे विसरूनही गेलो. सांधा कंपनीच्या पोरांच्या नावावर टाकण्याइतका विसरलो. आता नटाच्या दोन फाका तळहातावर घेऊन मी जमिनीवर बसलो होतो, आणि राग होता तेवढाच होता, पण त्याला बसायला जागा मिळेना. येस्परवर बसेना, पोरांवर बसेना.

जुन्या मापाचा नट तळघरातल्या माझ्या पेटीत होता. तो आणायला निघालो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. पहिल्या मजल्यावर एक नर्स भेटली, घरी येऊन बघणाऱ्यांपैकी, जाड कोट, हातात गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या. सीवचं दार किलकिलं होतं.

‘लाइन बंद करणारा तूच का?’ तिने विचारलं.

‘हो. का?’

‘कधी सुरू होणार? आत खोली चौदा अंशांवर आलीय. माणूस अगदी शेवटच्या दिवसांत आहे. काल घरी आणलं त्याला, हॉस्पिटलमध्ये नको म्हणाला म्हणून. सीव म्हणाली तिने तुला चिठ्ठी लिहिली होती, दुसरा कोणताही दिवस चालेल, फक्त गुरुवार नको म्हणून. फोन नंबरही दिला होता.’

‘हीटर...’

‘एक आणलाय कोणाकडून तरी, तो लावला की फ्यूज जातो. कधी सुरू होणार ते सांग.’

सोफा. काल जिन्यातून चढवत होते तो सोफा म्हणजे आर्विड. मी काय बोललो आठवत नाही. तळघरात जाऊन नटाच्या पेटीपुढे उभा राहिलो. नवा ताग पिंजायचा, सफेदा लावायचा, सांधा नीट बसवायचा तर अजून दीड तास, आणि तो मी असा बसवणार होतो की पुढची शंभर वर्षं कोणी फोल्केला नावं ठेवू नयेत. त्यासाठी तर सगळा खटाटोप चालला होता. मी पेटीतून दोन टोप्या उचलल्या, पाइपाच्या तोंडांवर बसवतात त्या साध्या पितळी टोप्या. दोन्ही बाजूंनी पाइप बंद करून टाकायचा, रेडिएटर सुटा तर सुटा, माझी खोली गार राहील तर राहू दे. शिकाऊ असताना उस्तादाने असं काम पाहिलं असतं तर कानफटात दिली असती. तळघराच्या पायऱ्या, मग सोळा आणि सोळा, मी धापा टाकत चढलो, वीस मिनिटांत टोप्या आवळल्या, पुन्हा खाली, लाइन उघडली, पाणी चढताना पाइप कण्हायला लागले. आणि सीववर मला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. का नाही आली वर? मरणाऱ्या माणसासाठीसुद्धा बाई सोळा पायऱ्या चढत नाही? कागद! कागद चिकटवते! आता लायनीत हवा अडकलेली असणार, तिच्या रेडिएटरमधून ती कोणीतरी काढल्याशिवाय तो गरम होणार नव्हता. हवा काढायची छोटी चावी माझ्या खिशात होती. तिच्या दारापुढे उभा राहिलो, मनात सगळं भाषण तयार करून, आणि घंटा दाबली.

सीवने दार उघडलं. घरात कोट घातलेली, डोक्यावर लोकरीची टोपी.

‘एक वाजून गेला,’ ती म्हणाली. ‘तू बारा लिहिलं होतंस.’

‘नट अडकला.’

‘माझी चिठ्ठी मिळाली नाही?’

‘नाही’ एवढं म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं. ‘मिळाली,’ मी म्हणालो. ‘न वाचता फाडली.’

‘फाडलीस!’ तिचा आवाज जिन्यात वर-खाली घुमला. ‘मेल्या, वाचून मग फाडायचीस! काल त्याला आणलं, म्हणाला, घरी निदान ऊब तरी असते. ऊब! सकाळपासून त्याचे पाय चोळतेय मी, आणि तू वर ठोकत बसलायस! छतातून पाणी काय, खाली गारठा काय, अजून काय काय सोडायचं राहिलंय आमच्यावर?’

‘मग वर का नाही आलीस?’ मीही ओरडलो. ‘घंटा आहे ना मला! सोळा पायऱ्या आहेत! दोन वर्षांत एक माणूस आलं नाही, इल्वा गेली तेव्हा एक जण...’

‘चावी आणलीस ना? आधी ते गरम कर. मग ओरड.’

एकही दार उघडलं नाही. सगळ्या दारांमागे माणसं उभी होती हे मला ठाऊक होतं. मीही उभा राहिलो असतो. तिच्या मागोमाग आत गेलो. नर्स पिशव्या ठेवत होती. आर्विड दोन पांघरुणांखाली, बंदरावरच्या क्रेनवर आयुष्य काढलेला हा धिप्पाड माणूस आता पलंगात एका कडेला मावला होता. त्याच्या बरोबर वर, पाइपाशेजारी, छतावर माझं पाणी, ताटाएवढा तपकिरी डाग. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. ‘थंडी आहे,’ तो म्हणाला. मी गुडघ्यांवर बसलो, चावी लावली, हवा फुसफुसत बाहेर यायला लागली. ती बराच वेळ येत राहिली.

‘तो सांधा माझाच होता,’ मी रेडिएटरला सांगितलं. ‘मला वाटत होतं कंपनीचा असेल. माझाच निघाला. चौऱ्याऐंशीत बसवला होता. जास्त आवळला.’

‘माहीत आहे,’ सीव मागून म्हणाली.

‘तुला कसं माहीत असेल? आज उघडला मी.’

‘त्या संध्याकाळी मी या खोलीत इस्त्री करत होते. पाइपाच्या भोकातून सगळं खाली येतं, फोल्के. पाणीच येतं असं नाही.’ आता ती ओरडत नव्हती. ‘तिला काय काय बोललास, ते सगळं ऐकलं. बोलायचास आणि लोखंड कर्रकन वाजायचं. पुन्हा बोलायचास, पुन्हा वाजायचं. ती माझ्याकडे बसून गेली होती म्हणून. नंतर ती कधी खाली आली नाही. ती गेली तेव्हा ते कार्ड टाकायला मीच आले होते. बोट घंटेपर्यंत नेलं होतं. नाही दाबवली. मला तुझी भीती वाटते. चाळीस वर्षं वाटते.’

हवा संपली, पाणी आलं, माझ्या बोटांवरून काळं पाणी ओघळलं तरी मला चावी फिरवायचं सुचेना. नर्सने फडकं पुढे केलं. मी स्क्रू बंद केला. दोन वर्षं जिंकत आलेलं भांडण या बाईने इस्त्री करता करता चाळीस वर्षांपूर्वीच जिंकून ठेवलं होतं. राग कुठे गेला म्हणून मी आत चाचपून बघितलं. तो होता. पण आता तो दुसऱ्या कोणाकडेही तोंड वळवायला तयार नव्हता. सीव कोटाच्या बाहीने नाक पुसत उभी होती. मी जावं की थांबावं, ती सांगत नव्हती.

‘भांडा तुम्ही खुशाल,’ आर्विड पांघरुणातून म्हणाला. ‘पण जिन्याकडचं दार उघडं राहिलंय. गार येतंय.’

उठून मी दार लावलं, आणि आतच थांबलो.